क्वायरसाठी रचना निवडताना

आजचा विषय व्यवहारातला आहे. कॉलेजच्या मुलांचा किंवा एखाद्या वस्तीतल्या हौशी लोकांचा क्वायर असेल, तर पाश्चात्त्य अभिजात संगीतातली कोणती रचना घ्यावी? आणि ती मूळ रूपात घ्यावी, की सोपी करून लिहिलेली मांडणी, ज्याला आपण अरेंजमेंट म्हणतो, ती घ्यावी? तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने यात कशाला पडावं, असं तुम्ही म्हणाल. एक तर मी अशा एका क्वायरमध्ये बरीच वर्षं मागच्या रांगेत उभा राहून बास गातो. दुसरं असं की बदललेली रचना 'तीच' राहते का, हा प्रश्न आमच्याच आळीतला आहे.

आपल्याकडचं समूहगान आठवा. सगळे एकच चाल गातात, आणि पट्टीही एकच धरावी लागते. काळी चार घेतली की बायका खूश, पण पुरुष एकतर खर्जात बुडतात नाहीतर वर ओरडतात. काळी एक घेतली तर बायकांचे हाल. चार आवाजांत लिहिलेली रचना हा यावरचा तोडगा आहे. सोप्रानो, अल्टो, टेनर, बास, प्रत्येकाला त्याच्या गळ्याला झेपेल अशी स्वतंत्र ओळ. कल्पना उत्तम. पण ती ओळ कोणत्या गळ्यासाठी लिहिली होती, हे कुणी विचारत नाही. सगळा घोळ तिथे होतो.

रचना निवडताना लोक कागदावरचा सर्वांत वरचा स्वर बघतात. 'एवढा वर जातो का? जातो. मग झालं.' अहो, एकदा उडी मारून आंबा तोडणं वेगळं आणि फांदीला लोंबकळत राहणं वेगळं! बघायचं असतं ते हे की ओळ बहुतेक वेळ कुठे वावरते. याला टेसितुरा म्हणतात. बेथोवनच्या नवव्या सिंफनीचं उदाहरण घेऊ. तिच्यातली ती जगप्रसिद्ध धून आपल्या भाषेत सांगायची तर जवळजवळ सगळी सा ते प या पाच स्वरांत फिरते, फक्त एकदा मंद्र पंचमावर उतरते. शाळकरी पोरही ती गाईल. पण त्याच शेवटच्या भागात पुढे सोप्रानोंना वरचा ए एवढा वेळ धरून ठेवावा लागतो की व्यावसायिक गायिकासुद्धा मनातल्या मनात बेथोवनला चार शब्द सुनावत असतील. धून ओळखीची म्हणून कुणी ती रचना हौशी क्वायरपुढे ठेवतं, आणि तिसऱ्या तालमीपासून पुढची रांग विरळ होऊ लागते. त्यापेक्षा त्या धुनेचीच दोन आवाजांतली साधी मांडणी घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

विद्यार्थ्यांच्या क्वायरमध्ये अवघड जागा असते टेनरची. सतरा-अठरा वर्षांच्या ज्या मुलांना आपण टेनर म्हणून उभं करतो, त्यांतले बरेचसे खरं तर हलक्या आवाजाचे बॅरिटोन असतात, म्हणजे टेनर आणि बासच्या मधले. रोज दोन तास त्यांना वर ताणलं तर गळा बसतो. आणि त्याहून लहान, बारा-चौदा वर्षांचा मुलगा, ज्याचा आवाज फुटतोय? त्याच्याकडे काही काळ पाच-सहा स्वरच धड उरतात. अशा एका मुलाला 'तू नुसते ओठ हलव' असं सांगितलेलं मी पाहिलं आहे. सांगणारा माणूस वाईट नव्हता, कार्यक्रम तोंडावर आला होता एवढंच. तो मुलगा पुढे गायला नाही. अमेरिकेत आयर्विन कूपर यांनी या फुटत्या आवाजाला 'कॅम्बियाता' असं नाव देऊन त्याच्यासाठी वेगळी ओळ लिहिण्याची पद्धत रूढ केली. ती ओळ साधारण अल्टो आणि टेनरच्या मध्ये, थोड्या स्वरांत फिरते. ती लिहायला हाताशी वही आणि एक संध्याकाळ पुरते. मुलगा मात्र गात राहतो.

आता मूळ की मांडणी? इथे मोत्झार्टची एक छोटी रचना बघू, 'आवे वेरुम कोर्पुस'. १७९१ च्या जूनमधली, म्हणजे तो गेला त्याच वर्षातली. एकूण शेहेचाळीस मात्राखंड, गायला तीनेक मिनिटं. बाडेन नावाच्या छोट्या गावात आंतोन श्टोल हा शाळामास्तर तिथल्या चर्चचा क्वायर सांभाळायचा, त्याच्यासाठी ती लिहिली. म्हणजे थोर संगीतकाराने गावच्या गळ्यांसाठीच लिहिलेली! कुणालाच गळा ताणावा लागत नाही, शब्द संथ पडतात, आधाराला तंतुवाद्यं आणि ऑर्गन आहेत. अशी रचना मूळ रूपातच घ्यावी. बाजारात तिची तीन आवाजांची मांडणीही मिळते, दोन बायकांचे आणि एक पुरुषांचा. वरवर सोयीची. पण शेवटच्या भागात मोत्झार्टने काय केलंय बघा: सोप्रानो-अल्टोची जोडी एक वाक्य सुरू करते आणि टेनर-बासची जोडी तेच वाक्य मागून घेऊन येते. जोडीला जोडीने उत्तर. पुरुषांची एकच ओळ ठेवली की उत्तर देणारी जोडीच मोडते. राहते ती फक्त चाल.

हेंडेलची गोष्ट उलटी. 'मसाया' १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनमध्ये प्रथम झाला. त्यातली बाळाच्या जन्माची वार्ता सांगणारी आणि 'त्याचं जू सोपं आहे' असं म्हणणारी वृंदगीतं घ्या. हौशी क्वायर त्यांतल्या वेगवान ताना म्हणताना हमखास धडपडतो. कारण साधं आहे. ही गीतं हेंडेलने स्वतःच्याच इटालियन द्वंद्वगीतांवरून बेतली, आणि ती होती दोन तयार सोप्रानो गायिकांसाठी. एकेका गळ्याच्या ताना वीस गळ्यांच्या रांगेला दिल्या! आता यात 'मूळ' कुठलं? पुढे १७८४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत पाचशेवर गायक-वादकांनी हेंडेल उत्सव केला, १७८९ मध्ये मोत्झार्टने 'मसाया'चं वाद्यसंयोजन नव्याने केलं. तेव्हा अरेंजमेंटला नाक मुरडणाऱ्यांनी आधी हेंडेललाच जाब विचारावा.

नेल्सन गुडमन या तत्त्वज्ञाने १९६८ च्या 'लँग्वेजेस ऑफ आर्ट'मध्ये असं मांडलं की एकही स्वर चुकला तरी ते त्या रचनेचं सादरीकरण ठरत नाही. तर्क बिनतोड आहे हं. फक्त त्या हिशेबाने आमच्या क्वायरने आजवर एकही रचना गायलेली नाही! माझं म्हणणं असं की प्रत्येक रचनेत काही गोष्टी हलवता येतात आणि काही नाही. 'आवे वेरुम'ची पट्टी एका सुराने उतरवली तर फारसं बिघडत नाही, ती जोडी मोडली तर बिघडतं. निवडणाऱ्याने मांडणी हातात घेतली की हेच शोधायचं: हिने काय हलवलंय?

विवाल्दीच्या 'ग्लोरिया'बद्दल एक सांगतो. तो व्हेनिसच्या 'पिएता' या अनाथ मुलींच्या संस्थेत वाजत-गात असे, आणि तरी कागदावर टेनर-बास आहेत. मुली ते कसं गात, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. म्हणजे फक्त मुलींच्या कॉलेजने तो गायला, तर ते मुळाच्या जास्तच जवळ जाईल कदाचित.

भाषेचं थोडक्यात. आपल्या लोकांना लॅटिन सोपी जाते. चर्चमध्ये गातात त्या इटालियन वळणाच्या लॅटिनमध्ये स्वर मोजके आणि स्वच्छ, त चा उच्चारही आपल्यासारखा दंत्य. जर्मनला मात्र तालमीतला वेळ वेगळा काढून ठेवा. आणि प्रती: मोत्झार्ट, हेंडेल मुक्त आहेत, कोरल पब्लिक डोमेन लायब्ररीवर फुकट मिळतात. पण हयात माणसाने केलेल्या मांडणीवर त्याचा हक्क असतो, आपल्या कायद्यात तर तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. एक प्रत घेऊन चाळीस झेरॉक्स काढू नका.

एक चिठ्ठी आली आहे: 'सोपं गायलो तर जाणकार हसतील ना?' गोव्यात लेंटच्या दिवसांत मोतेत गातात, त्यांतले कितीतरी तिथल्याच चर्चच्या संगीतशिक्षकांनी आपल्या गावच्या गळ्यांकडे बघून लिहिले. ऐकायला जाणारे हसत नाहीत. आणि व्यवहाराचं बोलायचं तर आठवड्याला दोन तास, बारा आठवडे, म्हणजे चोवीस तास हाताशी. अवघड रचनेत ते सगळे स्वर पाठ करण्यात जातात. सोप्या रचनेत सहाव्या आठवड्यापासून लोक एकमेकांचं ऐकायला लागतात.

म्हणून पहिल्या संध्याकाळी काहीच वाटू नका. प्रत्येकाला जवळ बोलवा, एकट्याला, इतरांसमोर नव्हे. आरामात कुठपासून कुठपर्यंत गाता येतं ते वहीत लिहा. टेनर किती, फुटत्या आवाजाची मुलं किती, साठीच्या पुढच्या अल्टो किती. ती वही शेजारी ठेवून मग रचना बघायला बसा. आता पुढची चिठ्ठी घेऊ.