मद्यपी चालकांना ऐकवायचे कोणी?

फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपूरच्या रामझुल्यावर भरधाव मर्सिडीजच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण ठार झाले. मोटार चालविणाऱ्या महिलेने मद्यप्राशन केले होते, असा आरोप आहे. पुढे चर्चा झाली ती लावलेल्या कलमांची आणि जामिनाची. मृतांच्या घरांवर काय ओढवले, हा विषय न्यायालयात येतो कुठे? मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे तो येतो खरा. पण तेथे मृताचे वय, उत्पन्न आणि अवलंबितांची संख्या यांचे गणित मांडले जाते.

अमेरिकेत मद्यपी चालकाने मुलीचा बळी घेतल्यानंतर कँडी लाइटनर यांनी १९८० मध्ये 'मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग' ही संघटना उभारली. त्याच दशकात तेथे 'व्हिक्टिम इम्पॅक्ट पॅनेल' रूढ झाले. मद्यपान करून वाहन चालविताना पकडल्या गेलेल्यांना न्यायालय एका सत्रास हजर राहण्याचा आदेश देते. समोर बसलेले असतात अपघातात आप्त गमावलेले किंवा स्वतः जायबंदी झालेले लोक. ते आपली हकीकत सांगतात. दूषणे देत नाहीत, वाद घालत नाहीत. विशेष म्हणजे ज्याने आपले घर उद्ध्वस्त केले तो चालक त्यांच्या श्रोत्यांत नसतो. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या हातून अद्याप कोणाचाही जीव गेलेला नसतो, आणि हेच या पद्धतीचे मर्म आहे.

आपल्याकडे असा गुन्हेगार नाकाबंदीत सापडतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही. दंड भरला की प्रकरण मिटले, अशीच अनेकांची समजूत! जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आली. परंतु कलम १८५ ला ती जोडलेली नाही. वाट आहे ती १९५८ च्या गुन्हेगार परिवीक्षा अधिनियमात. गुन्ह्याची पुनरावृत्ती टाळण्यासाठी योग्य वाटेल ती अट घालण्याची मुभा तो न्यायालयाला देतो.

अर्थात हा रामबाण उपाय नव्हे. न्यू मेक्सिकोतील अभ्यासांत अशा सत्रांमुळे पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. शिवाय मे २०२४ मधील पुण्याच्या पोर्श प्रकरणात दोन जीव गेल्यावर अल्पवयीन आरोपीला ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा उसळलेला संताप विसरता येणार नाही. सत्र हे शिक्षेला जोड म्हणूनच हवे, शिक्षेऐवजी नव्हे.

खरी अडचण वक्त्यांची आहे. आपल्याकडे खटले वर्षानुवर्षे चालतात. त्यात साक्षीदार असलेल्या नातेवाइकांना आधीच असे बोलायला लावणे योग्य नाही. ज्यांचे प्रकरण संपले आहे आणि ज्यांची स्वतःहून बोलण्याची इच्छा आहे, अशांनाच बोलवावे लागेल. आणि दरवेळी तीच जखम उघडी करणाऱ्या या माणसांसाठी समुपदेशकाची सोय सत्राच्या आधीच करावी लागेल.