दातांवरून लागणारे कूळ

सॅकोग्लोसा हा समुद्री गोगलगायींचा तुलनेने छोटा गट असून त्यातील बहुतेक जाती शैवालाच्या पेशींतील रस शोषून जगतात. काही जाती तर रसाबरोबर आलेली हरितलवके, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करणारे पेशीतील हिरवे घटक, न पचवता काही काळ अंगात सांभाळतात. हा उसना रंग खाद्यावर अवलंबून असतो आणि मद्यार्कात उतरूनही जातो, त्यामुळे केवळ रंगाच्या भरवशावर जात ठरवणे धोक्याचेच.

म्हणून जिवंत प्राण्याची छायाचित्रे आधी घेतली जातात. मग मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणाने त्याला शिथिल केले जाते, कारण थेट मद्यार्कात टाकलेला प्राणी आक्रसून त्याची ठेवण ओळखू येईनाशी होते. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली मुखामागचा स्नायूंचा गोळा कापून तीव्र अल्कलीत ठेवला, की मांस विरघळते आणि रॅड्युला, म्हणजे दातांची कायटिनयुक्त फीत, तेवढी उरते. बहुतेक गोगलगायींत या फितीवर दातांच्या अनेक रांगा असतात. येथे मात्र एकच रांग असते आणि तिच्या टोकाचा एकटा दात शैवालाच्या पेशीची भिंत भेदतो. वापरून झालेला दात सहसा टाकून न दिला जाता मुखाखालच्या लहानशा पिशवीत साठतो, त्यामुळे तिथे कित्येकदा पिल्लाच्या वयातले इवलेसे दातही सापडतात आणि एकाच प्राण्यात त्याच्या वाढीचा लेखाजोखा वाचता येतो. वर्गीकरणाच्या दृष्टीने ही सोय दुर्मिळच म्हणावी लागेल.

तरीही दातावर पूर्ण विसंबता येत नाही. काथे जेन्सेन यांच्या १९९३ मधील अभ्यासानुसार खाद्य शैवालाप्रमाणे दातांच्या आकारात फरक पडू शकतो. कवचाने तर याहून मोठी दिशाभूल केली. जुलिया आणि बर्थेलिनिया या प्रजातींची दोन पुटांची कवचे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होती आणि त्यांची गणना शिंपल्यांत होत असे. पण जपानमधील तामानो येथे कॉलर्पा या शैवालावर सापडलेल्या, दोन पुटांमधून डोके व सपाट पाऊल बाहेर काढून सरपटणाऱ्या प्राण्याचे वर्णन कावागुती आणि बाबा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा ती कवचे गोगलगायींची ठरली. डाव्या पुटाच्या टोकाशी डिंभावस्थेतील वेटोळे कवचही शाबूत असते.

पुढे २०१० मध्ये जनुकांच्या तुलनेवरून सॅकोग्लोसांना इतर अनेक समुद्री गोगलगायींपासून वेगळे काढून फुप्फुसधारी गोगलगायींच्या जवळ बसवण्यात आले. मात्र संग्रहालयांतील जुने नमुने बहुधा फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले असल्याने त्यांतील डीएनए खराब झालेला असतो. अशा वेळी मूळ ठिकाणाहून ताजा प्राणी मिळवून त्याचे दात, जननेंद्रियांची रचना आणि जुन्या वर्णनांतील रेखाटने पडताळून पाहिल्यानंतरच नव्या जनुकक्रमाला जुने नाव लावता येते.