धर्मग्राम कोणाचा?

'चर्च' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घंटेचा मनोरा उभा राहतो. नव्या करारात मात्र 'एक्लेसिया' हा ग्रीक शब्द कोणत्याही वास्तूसाठी आलेला नाही. त्याचा अर्थ पाचारण केलेल्यांची सभा. त्या दृष्टीने 'ख्रिस्तसभा' हा मराठी शब्द अधिक नेमका आहे.

या सभेत कोणाचा समावेश होतो? ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदासंहितेतील कलम ५१५ धर्मग्रामाला श्रद्धावंतांचा निश्चित समुदाय म्हणते. कलम ५१८ नुसार तो सर्वसाधारणपणे प्रादेशिक असतो, म्हणजे त्या हद्दीत राहणारे सर्व श्रद्धावंत त्यात येतात. आडनाव, बोली वा वाडवडिलांचे गाव यांची अट तेथे नाही. कालच भाड्याच्या सदनिकेत राहावयास आलेले कुटुंबही त्याच धर्मग्रामाचे घटक होय. तरीही 'आपले' आणि 'बाहेरचे' हे शब्द आपल्या तोंडी किती सहज येतात!

वसई धर्मप्रांत १९९८ साली स्थापन झाला, तेव्हाही तो एकजिनसी नव्हता. सामवेदी म्हणजेच कादोडी, वाडवळी आणि कोळी बोलणारी कुटुंबे तेथे पूर्वापार होती. डहाणू-तलासरीकडे वारली श्रद्धावंत होते. वेदीभोवती या सर्वांची भाषा एकेकाळी लॅटिन होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि मिस्सा मराठीत होऊ लागली. पण ती प्रमाण मराठी यांपैकी कित्येकांच्या चुलीपाशी बोलली जाणारी भाषा नव्हतीच. सामवेदी आजीनेही ती शिकून घेतली. प्रत्येकाने आपली बोली उंबरठ्याआत ठेवली, म्हणून एकत्र प्रार्थना शक्य झाली.

आज नालासोपारा, विरार, वसई रोड येथे कोकणी, मल्याळम, तमिळ भाषक कॅथलिक बंधुभगिनी मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या भाषेत मिस्सा असावी ही मागणी गैर नाही. कलम ५१८ तर भाषेच्या आधारे स्वतंत्र धर्मग्रामाचीही मुभा देते. मराठी उपासना टिकलीच पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. तथापि केवळ वेगवेगळ्या वेळी मिस्सा ठेवल्याने प्रश्न सुटत नाही. सात वाजता एक समुदाय बाहेर पडतो, आठ वाजता दुसरा आत शिरतो, आणि दोघांची गाठ पडते ती फक्त वाहनतळावर. सणाच्या समितीत, वाचकांच्या यादीत, आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्या गटात नव्या कुटुंबांची नावे किती, हे प्रत्येक धर्मग्रामाने आपापल्या वहीत पाहावे.