वीज गेल्यावर पाणी कुठे जाईल?

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच काचेच्या टाकीत ६८० लिटर पाणी मावतं. त्यात चार-पाच ऑस्कर किंवा एखादा अरोवाना सोडला, की काठावर लटकवायचा छोटा फिल्टर हात टेकतो. हे मासे दांडगे खाणारे, आणि घाणही तेवढीच. मग हौशी मंडळी सम्पकडे वळतात. सम्प म्हणजे स्टँडच्या आत, मोठ्या टाकीच्या खाली ठेवलेली दुसरी टाकी. ठरावीक पातळीच्या वर गेलेलं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून आपोआप खाली उतरतं, काचेच्या पडद्यांनी केलेल्या कप्प्यांतून गाळलं जातं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर चढवतो. जुनी चार फुटी टाकी, काचवाल्याकडून कापून आणलेल्या पट्ट्या आणि सिलिकॉन एवढ्या भांडवलावर हे घरी जमतं. फक्त बाथरूमसाठी मिळणारं बुरशीरोधक सिलिकॉन घेऊ नये. त्यातली रसायनं माशांना बाधतात.

घरी सम्प करू पाहणारा सगळ्यात आधी विचारतो ते ‘मीडिया कुठला घालू?’, म्हणजे पाणी गाळायला कप्प्यांत काय भरू. मला तो प्रश्न शेवटचा वाटतो. वीज गेल्यावर पाणी कुठे जाणार, हे आधी ठरवावं लागतं.

पंप थांबतो त्या क्षणी ओव्हरफ्लोच्या काठावरचं पाणी खाली येतं. तेवढ्याने काही बिघडत नाही. खरा धोका पंपाचं पाणी वर नेणाऱ्या परतीच्या पाइपाचा. त्याचं तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली बुडालेलं असेल तर पंप बंद पडताच तोच पाइप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली ओढत राहतो. या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ११ लिटर. तोंड १० सेंटिमीटर खोल असेल तर ११२ लिटर सम्पमध्ये उतरणार. चार फूट बाय दीड बाय दीडच्या सम्पमध्ये काठोकाठ साधारण २५५ लिटर मावतात. पंप चालू असताना त्यात १४० लिटर उभे असतील तर उरली जागा ११५ लिटरची. त्यात पाइपातलं पाणी धरा, की फरशीवर तळं. तेच तोंड तीन सेंटिमीटरवर आणलं, की उतरणारं पाणी ३३ लिटरवर येतं.

यावर आणखी एक उपाय म्हणून पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपाला दोन मिलिमीटरचं भोक पाडतात. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. उपाय चोख आहे, पण त्या भोकातून सतत पाण्याची चिळकांडी उडत असते, त्यावर उजेड पडत असतो आणि शेवाळ्याला नेमकी अशीच जागा आवडते. महिन्याभरात भोक हिरवं होऊन बुजतं. दर आठवड्याला टाचणी फिरवायची तयारी नसेल तर या भोकावर विसंबू नये. तोंडच वर घ्यावं.

पुराची दुसरी वाट याच्या उलटी. ओव्हरफ्लोत गोगलगाय किंवा पान अडकलं तर खाली येणारं पाणी थांबतं, पंप मात्र उपसत राहतो आणि वरची टाकी वाहू लागते. म्हणून पंपाचा कप्पा लहान ठेवायचा. तो एक फूट लांबीचा असेल तर त्यातले ३४-३५ लिटर वर जाऊन पातळी तीन सेंटिमीटरने चढेल आणि पंप कोरडा पडेल. वर पाच सेंटिमीटर मोकळे असले, की फरशी कोरडी. दोन फुटी कप्पा केला तर हा हिशेब फसतो. ओव्हरफ्लोला दुसरा, नेहमी रिकामा राहणारा पाइप द्यावाच. टाकीला भोकं पाडण्यापूर्वी काच टफन नाही ना, ते पाहावं. टफन काचेला भोक पडत नाही, तिचा चुरा होतो.

पंपाबद्दल थोडक्यात: ताशी चार-पाच वेळा पाणी फिरावं असा हौशी लोकांचा ठोकताळा आहे, म्हणजे इथे सुमारे २७०० ते ३४०० लिटर. खोक्यावरचा आकडा मात्र शून्य उंचीचा असतो. तीन मीटरपर्यंत पाणी चढवणारा पंप दीड मीटरवर जवळपास निम्मंच देतो.

आता मीडिया. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. तो किती विषारी ठरेल हे पाण्याच्या सामूवर (pH) असतं. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा टक्का विषारी रूपात असतो, सामू ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. बऱ्याच गावांत बोअरचं पाणी अल्कधर्मी असतं, तिथे गाफील राहून चालत नाही. हा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होतो, ते जिवाणूंमुळे. १८९० साली सर्गेई विनोग्राडस्कीने झ्युरिकमध्ये हे जिवाणू वेगळे केले, तेव्हापासून या दोन पायऱ्या दोन वेगळे जिवाणू पार पाडतात असं मानलं जाई. सव्वाशे वर्षांनी, २०१५ मध्ये, दोन्ही पायऱ्या एकट्याने चढणारा नायट्रोस्पायरा सापडल्याचं दोन संशोधक गटांनी ‘नेचर’मध्ये जाहीर केलं. त्यातल्या नायमेखनच्या गटाला तो मिळाला मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये!

या जिवाणूंना हवा असतो चिकटून राहायला पृष्ठभाग आणि प्राणवायू. सिरॅमिकच्या रिंगा महाग वाटत असतील तर भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या घासण्या चालतात. फक्त साबण भरलेल्या किंवा स्टीलच्या नकोत. त्यांच्या आधी स्पंज हवा, नाहीतर गाळ बसून पृष्ठभाग झाकला जातो. स्पंज नळाखाली धुऊ नये, क्लोरीन जिवाणूंना मारतं. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात तो पिळावा.

एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार ग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. म्हणूनच बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर वीज गेल्यावर काही तासांत कोंदटतो, आतले जिवाणू मरू लागतात आणि वीज आली की ते सडकं पाणी थेट माशांवर येतं. सम्प वरून उघडा असल्याने त्याला अवधी मिळतो. त्यात बॅटरीवरच्या एअर पंपाचा एक एअर स्टोन सोडला की रात्र निभावते. भारनियमनाच्या गावात मी कॅनिस्टर घ्यायला सुचवणार नाही.

उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी घटतं. वरची पातळी ओव्हरफ्लोने आणि मधल्या कप्प्यांची पडद्यांनी बांधलेली असते, त्यामुळे घट दिसते ती फक्त पंपाच्या कप्प्यात. तिथे डेझर्ट कूलरचा फ्लोट छान काम करतो. तो २० लिटरच्या कॅनला जोडावा, गच्चीवरच्या टाकीला नव्हे. फ्लोट अडकलाच तर कॅन रिकामा होईल एवढंच, आणि ते २० लिटर धरूनच सम्पमधली मोकळी जागा मोजावी.

नायट्रेट मात्र सम्प काढत नाही. त्यासाठी दर आठवड्याला थोडं पाणी बदलावंच लागतं. पहिल्या कप्प्यात मनी प्लँटची मुळं सोडली तर ती काही नायट्रेट शोषतात, पानं तेवढी पाण्याबाहेर ठेवायची.