नळाची धार बारीक झाली तर

सहेरीची वेळ. पिण्याचे पाणी भरायचे असते, फजरच्या नमाजआधी वजू करायचा असतो आणि नेमकी तेव्हाच नळाची धार करंगळीएवढी होते.

अशा वेळी आधी पाहावे, धार एकाच नळाची कमी झाली की सगळ्यांची? एकाच नळाची असेल तर त्याच्या तोंडाची जाळी काढून धुवावी. क्षार धरले असतील तर व्हिनेगरमध्ये भिजवावी. सगळ्याच नळांची असेल तर गच्चीवरची टाकी आणि तिचा कॉक बघावा. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली असेल तर पाइपात हवा अडकते. नळ थोडा वेळ उघडे ठेवले की बहुधा ती निघून जाते. टाकी भरलेली, नळ बंद, तरी मीटर फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे.

शेजाऱ्यांकडेही हीच रड असेल तर दोष बाहेरच्या लाइनचा. मग अनेकजण लाइनलाच मोटार लावतात. मोटारीने पाणी वाढत नाही. शेजाऱ्याच्या वाट्याचे ओढले जाते. शिवाय गळक्या जोडांतून गटाराचे पाणीही आत येऊ शकते.

हदीसमध्ये नोंद आहे की, पैगंबर साहेब एका ‘मुद्द’ पाण्यात वजू करत. हे माप जेमतेम लिटरभराचे. लोटा भरून घेतला, तर बारीक धारही वजूला पुरते.