घरच्या मोटारीची दुरुस्ती : आधीं निदान, मग पाना

ज्या वस्तूवर मनुष्य रोज विसंबतो, तिची थोडीबहुत ओळख त्यास असावी, हें कोणीही मान्य करील. आज पुष्कळ कुटुंबांच्या दारांत चारचाकी मोटार उभी असते. परंतु तिचें पुढचें झांकण उघडून आंत डोकावणारे लोक थोडेच. इंजिन जरा अडखळलें कीं आपण गॅरेजकडे धांव घेतों, मिस्त्री सांगेल तें ऐकतों व मागेल तें देऊन परत येतों. यांत मिस्त्रीचा दोष नाहीं. अज्ञान आपलें आहे. याच्या अगदीं उलट असाही एक वर्ग आहे. हातांत पाना आला कीं दिसेल तो बोल्ट सैल करावयाचा, हा त्यांचा उत्साह. पहिल्या वर्गाचा पैसा जातो. दुसऱ्याचा पैसा तर जातोच, पण कधीं कधीं जीवही धोक्यांत येतो. या दोहोंमधील शहाणपणाचा मार्ग कोणता, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे.

स्वतःच्या हातानें केलेली दुरुस्ती ही मोटारीइतकीच जुनी आहे. इ. स. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील बेर्था बेंझ यांनीं आपले पति कार्ल बेंझ यांनीं बनविलेली तीनचाकी मोटार, त्यांना न कळवितां, बाहेर काढली. आणि आपल्या दोन मुलांसह मानहाइमपासून फोर्ट्सहाइमपर्यंत सुमारें १०० किलोमीटरांचा प्रवास केला. वाटेंत ना गॅरेज होतें, ना पेट्रोलपंप. इंधन संपलें तेव्हां त्यांनीं तें एका औषधांच्या दुकानांतून विकत घेतलें. इंधनाची नळी तुंबली तेव्हां टोपीच्या पिनेनें ती मोकळी केली. विजेची तार उघडी पडली तेव्हां मोज्याचा बंद तिच्यावर गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हां मात्र त्या स्वतः खटपट करीत बसल्या नाहींत. एका चांभाराकडून त्यांवर कातडें बसवून घेतलें. पिनेची युक्ति सर्वांना आवडते. पण खरी विद्या पिनेंत नव्हती. इंजिन बंद पडलें आहे तें नळी तुंबल्यामुळें, हें ओळखण्यांत ती होती. आणि कोणतें काम दुसऱ्याच्या हातीं द्यावें हें जाणणें, हाही त्याच विद्येचा भाग होय.

हें ओळखावयाचें कसें? त्यासाठीं इंजिन काय करतें तें आधीं समजून घेऊं. निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थांनीं १८७६ मध्यें जें चार चालींचें इंजिन सिद्ध केलें, त्याच तत्त्वावर आजचीं पेट्रोलचीं इंजिनें चालतात. लोखंडाचें किंवा ॲल्युमिनियमचें एक नळकांडें व त्यांत वरखालीं सरकणारा एक दट्ट्या. यांनाच गॅरेजांत सिलिंडर व पिस्टन म्हणतात. पहिल्या चालींत दट्ट्या खालीं येतो, एक झडप उघडते व हवा आणि पेट्रोलाची वाफ आंत ओढली जाते. दुसऱ्या चालींत झडपा मिटतात, दट्ट्या वर येतो व तें मिश्रण सुमारें एक-दशांश जागेंत दाबलें जातें. तिसऱ्या चालीच्या आरंभीं स्पार्क प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटतें व दट्ट्यास जोरानें खालीं ढकलतें. चौथ्या चालींत दुसरी झडप उघडून जळका वायु बाहेर जातो. चार चालींपैकीं बळ मिळतें तें एकाच चालींत. बाकीच्या तीन त्या एकीच्या तयारीसाठीं व सफाईसाठीं.

यावरून इंजिनास चारच गोष्टी लागतात हें दिसून येईल : हवा, इंधन, दाब आणि योग्य क्षणीं ठिणगी. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. तेथें दाबानें तापलेली हवाच इंधन पेटविते. म्हणून इंजिन बिघडलें असतां हातांत पाना घेण्यापूर्वीं मनांत एकच प्रश्न विचारावा : या चौघांपैकीं कोण गैरहजर आहे?

आतां क्रमानें पाहूं. किल्ली फिरविली असतां इंजिन मुळींच फिरत नाहीं, नुसतें ‘टक्’ वाजतें, तर बहुधा दोष इंजिनाचा नसून बॅटरीचा असतो. चांगली भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतींत असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालूं असतां हा आंकडा साधारणतः १४ च्या आसपास जातो. तो तसा न गेल्यास बॅटरी बदलून उपयोग नाहीं. तिला भरणारें यंत्र किंवा त्याचा पट्टा तपासला पाहिजे. पुष्कळदां बॅटरी चांगली असते, पण तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर चढलेला असतो. तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें व जुन्या ब्रशानें निघतो. मात्र तार सोडतांना आधीं ऋण टोकाची व जोडतांना ती शेवटीं, हा नियम कधीं मोडूं नये.

इंजिन फिरतें पण पेटत नाहीं, असें असेल तर प्रथम टाकींत पेट्रोल आहे कीं नाहीं तें पाहावें. हें वाचून विद्यार्थी हसतील. पण साधी गोष्ट आधीं पाहावी हाच निदानाचा पहिला धडा आहे. त्यानंतर फ्यूज, एअर फिल्टर व प्लग अशा क्रमानें जावें. थंड इंजिनांतून प्लग काढून त्याचा रंग पाहावा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण नीट आहे. कोरडें काळें असेल तर पेट्रोल अधिक किंवा हवा कमी आहे. तेलकट व ओलें असेल तर वंगणाचें तेल नळकांड्यांत शिरत आहे. हें दुखणें प्लग बदलून बरें होणार नाहीं. अगदीं पांढरें असेल तर इंधन कमी पडत आहे किंवा उष्णता फार होत आहे. प्लग परत बसवितांना पहिले आटे हातानेंच फिरवावे. पान्याचा जोर आरंभींच लावल्यास ॲल्युमिनियमचे आटे तुटतात व दोनशें रुपयांचें काम हजारोंवर जातें.

मारुति ८०० ही मोटार आपल्या देशांत १९८३ च्या डिसेंबरांत आली व २०१४ च्या जानेवारींत तिचें उत्पादन थांबलें. तीन नळकांड्यांचें, ७९६ घन सेंटिमीटरांचें तिचें साधें इंजिन पाहून कित्येकांनीं हें शास्त्र घरच्या घरीं आत्मसात केलें. अलीकडच्या मोटारींत मात्र इंजिनावर एका लहान संगणकाची देखरेख असते. तो बिघाडाची सांकेतिक खूण नोंदवितो व ती वाचण्याचें उपकरण बाजारांत मिळतें. पण येथेंही बुद्धीस रजा नाहीं. समजा, ‘पी ०३०१’ अशी खूण आली. तिचा अर्थ इतकाच कीं, पहिल्या नळकांड्यांत मिश्रण नीट पेटत नाहीं. दोष प्लगचा, ठिणगी देणाऱ्या कॉइलचा, इंधनाच्या पिचकारीचा कीं झडपेचा, हें खूण सांगत नाहीं. प्रत्येक नळकांड्यास वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद करून पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर व दुसऱ्याची पहिल्यावर लावावी. पुसलेली खूण पुन्हां ‘पी ०३०२’ म्हणून उमटली, तर दोष कॉइलबरोबर सरकला. म्हणजे गुन्हेगार सांपडला. खूण तीच राहिली तर कॉइल निर्दोष. नवा भाग विकत न घेतां, केवळ अदलाबदलीनें मिळालेला हा पुरावा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेंत आपण एका वेळीं एकच गोष्ट बदलतों, तीच ही रीत.

आतां अत्यंत महत्त्वाचें. बंद खोलींत किंवा बंद गॅरेजांत इंजिन कधींही चालूं ठेवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. मनुष्यास झोंप आल्यासारखें वाटतें व त्या झोंपेंतून तो उठत नाहीं. केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखालीं हात, पाय किंवा डोकें घालूं नये. चाकांस अडण लावून, गाडीखालीं मजबूत लोखंडी आधार दिल्यावांचून खालीं जाणें म्हणजे स्वतः होऊन संकट ओढवून घेणें होय. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये; आंतील पाणी दाबाखालीं १०० अंशांहून अधिक तापलेलें असतें व झांकण सैल होतांच उसळून तोंडावर येतें. पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगीचें कोणतेंही काम करूं नये. ब्रेक, एअरबॅग, दाबाखालील इंधनाच्या नळ्या व विजेच्या मोटारींतील नारिंगी तारा यांस घरीं हात लावूं नये. कांहीं इंजिनांत झडपांची वेळ सांभाळणारा रबरी पट्टा असतो. तो एक दांता चुकला तरी झडपा व दट्ट्या एकमेकांवर आदळूं शकतात. तें काम मिस्त्रीचेंच.

मग घरीं काय करावें? सपाट जागीं, इंजिन बंद करून कांहीं मिनिटांनीं तेलाची पातळी पाहावी. एअर फिल्टर, प्लग, फ्यूज, बॅटरीचीं टोकें, पट्ट्यांच्या भेगा व रेडिएटरच्या टाकींतील पाणी यांची नियमानें तपासणी करावी. मोटारीबरोबर मिळालेली पुस्तिका वाचावी. प्लगचें अंतर व तेलाचा प्रकार तींत छापलेला असतो. काढलेला प्रत्येक भाग क्रमानें कापडावर मांडावा. एका वहींत तारीख, किलोमीटर व केलेलें काम लिहावें. काढलेलें जुनें तेल गटारांत ओतूं नये. डब्यांत भरून गॅरेजांत द्यावें, म्हणजे तें योग्य ठिकाणीं जाईल.

पालकांस आमची एक विनंति आहे. असें काम करतांना मुलांस व मुलींसही जवळ उभें करावें. त्यांच्या हातीं बॅटरीचा दिवा द्यावा, आणि ‘तुला काय वाटतें, दोष कोठें असेल?’ असें विचारावें. उत्तर चुकलें तरी तें कां चुकलें हें इंजिन स्वतःच दाखवून देईल. आणि काम आपल्या आंवाक्याबाहेरचें निघालें, तरी मिस्त्रीकडे जातांना आपण रित्या हातानें जाणार नाहीं. ‘गाडी बिघडली आहे’ असें न म्हणतां ‘पहिल्या नळकांड्यांतला प्लग तेलकट निघतो’ असें आपण सांगूं. चांगला मिस्त्री अशा गिऱ्हाइकाचा मान राखतो, आणि त्याच्या हातच्या कसबाची किंमतही तेव्हांच आपणांस खरोखर कळते.