स्टिअरिंगच्या सांध्याचे रबरी टोपण

सुरत शहराच्या आग्नेय भागातील डिंडोली आणि तिच्या शेजारच्या उधना व लिंबायत या वस्त्यांत खानदेशातून येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे. यंत्रमाग, कापड रंगविण्याचे कारखाने आणि त्यांवर अवलंबून असलेले व्यवसाय यांनी ही मंडळी सुरतेत आणली. परंतु आखाजी, दिवाळी आणि लग्नसराई आली की त्यांचा ओढा धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील आपापल्या गावांकडेच असतो. पूर्वी हा प्रवास ताप्ती खोऱ्यातील रेल्वेने नाहीतर एस. टी. ने होत असे. आता काही घरांपुढे स्वतःची मोटार उभी असते. आणि ती कित्येकदा उंच बांध्याची, चारही चाकांना शक्ती पुरविणारी, दुसऱ्याने दहा-बारा वर्षे वापरून विकलेली महागडी गाडी असते. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, त्यापुढे कोंडाईबारीचा घाट आणि मग साक्रीकडून धुळे, असा हा २०० किलोमीटरांहून अधिक लांबीचा मार्ग आहे. महामार्ग सोडून गावाकडे वळल्यावर खडी, फुफाटा आणि नाल्यातले पाणी यांतून गाडी न्यावी लागते, ते निराळेच.

अशा गाडीचा रंग, आसने आणि टायर यांकडे मालकाचे लक्ष असते. पुढच्या चाकांमागे, खाली वाकून पाहिल्याशिवाय न दिसणारे एक लहानसे रबरी टोपण मात्र सहसा दुर्लक्षित राहते. गॅरेजमधील मिस्त्री त्यास ‘बूट’ म्हणतात. गाडीच्या किमतीशी तुलना केल्यास त्याचे मोल नगण्य आहे. त्याच्यावर अवलंबून असलेली गोष्ट मात्र नगण्य नाही.

स्टिअरिंगचे चक्र फिरविले असता ती हालचाल दांड्यांच्या साहाय्याने पुढील चाकांपर्यंत पोहोचते. चाक वर-खाली होत असते आणि त्याच वेळी डावी-उजवीकडे वळत असते. म्हणून दांडी व चाकाचा भाग यांना जोडणारा सांधा बिजागरीसारखा एकाच दिशेने हलणारा असून चालत नाही. तो सर्व बाजूंनी फिरणारा असावा लागतो. शालेय पुस्तकांतून खांद्याच्या सांध्यास उखळीचा सांधा म्हटलेले असते. मोटारीतील हा सांधा त्याच जातीचा. एका खिळीच्या टोकास पोलादी गोळा असतो, तो वाटीसारख्या घरात बसविलेला असतो आणि भोवती ग्रीस भरलेले असते. यास बॉल जॉइंट, आणि दांडीच्या टोकाशी असल्यास टाय रॉड एंड, असे म्हणतात. खिळी जेथून घराबाहेर येते तेथे ग्रीस आत राखण्यासाठी आणि धूळ-पाणी बाहेर ठेवण्यासाठी रबरी टोपण चढविलेले असते.

सरकारी खात्यांतून एके काळी सर्रास दिसणाऱ्या जुन्या जीपगाड्यांत या सांध्यांना ग्रीस भरण्याच्या घुंड्या असत. मिस्त्री ठरावीक दिवसांनी पिचकारीने नवे ग्रीस भरी आणि जुने, मातकट ग्रीस बाहेर पडे. टोपण थोडे फाटलेले असले तरी सांधा त्यामुळे तग धरून राही. अलीकडील बहुतेक गाड्यांत ही घुंडी नसते. सांधा कारखान्यातच बंद केला जातो आणि त्यात आजन्म पुरेल एवढे ग्रीस असल्याचे सांगितले जाते. हा आजन्म म्हणजे टोपणाचे आयुष्य, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. टोपण फाटले की ग्रीस बाहेर येते, धुळीचे बारीक कण आत शिरतात आणि गोळा व वाटी यांच्यामध्ये कानसेसारखे काम करू लागतात. पाणी गेल्यास गंज चढतो. सांधा प्रथम सैल होतो. तरीही दुर्लक्ष झाल्यास गोळा वाटीतून निसटण्यापर्यंत मजल जाते. तसे झाले म्हणजे चक्र चालकाच्या हातात राहते, पण ते चाक त्याच्या हुकमात राहत नाही. घाटातील वळणावर असे घडल्यास काय होईल, ते वेगळे सांगावयास नको.

महागड्या गाडीत हा धोका कमी असेल अशी समजूत असते. वस्तुतः वजनदार बांधा आणि रुंद टायर यांमुळे तिच्या सांध्यांवर भार अधिक पडतो, आणि पॉवर स्टिअरिंगमुळे सांध्यातील दोष चालकाच्या हातास उशिरा जाणवतो. सांध्यांची मांडणीही सर्वत्र सारखी नसते. ब्रिटनमध्ये १९७० साली निघालेल्या पहिल्या रेंज रोव्हर गाडीचा पुढचा आस सलग होता. भारतात २००९ पासून विकल्या जाऊ लागलेल्या टोयोटा फॉर्च्युनरमध्ये पुढची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वर-खाली होतात. तेथे टाय रॉडच्या टोकांखेरीज चाकास धरणारे वरचे व खालचे बॉल जॉइंटही तपासावे लागतात. दांडीच्या आतल्या टोकाकडे भात्यासारखे घड्यांचे लांबट रबरी आवरण असते. ते निराळे आहे आणि त्याची दुरुस्तीही निराळी आहे. दुकानात ‘स्टिअरिंगचा बूट’ एवढेच सांगितल्यास भलतीच वस्तू हाती येण्याचा संभव असतो.

या टोपणाचा उल्लेख कायद्यातही आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९८ अन्वये स्टिअरिंगच्या चक्रात ३० अंशांपेक्षा अधिक सैलपणा असता कामा नये, आणि स्टिअरिंगच्या दांड्या जोडणाऱ्या सर्व बॉल जॉइंटना रबरी टोप्यांचे संरक्षण असले पाहिजे. ३० अंश म्हणजे घड्याळाच्या तबकडीवरील एका तासाचे अंतर. ही कमाल मर्यादा आहे. सुस्थितीतील गाडीत सैलपणा याहून पुष्कळच कमी असतो. नियम केंद्रीय असल्याने गाडीची नोंदणी सुरतेची असो वा धुळ्याची, तो सारखाच लागू होतो.

मात्र या नियमाच्या पालनाची तपासणी कोण करतो, याचा विचार करणे आवश्यक आहे. भाड्याने चालणाऱ्या वाहनांस योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. वाहन ८ वर्षांचे होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते आणि नूतनीकरणाच्या वेळीच तिची तपासणी होते. धुराच्या तपासणीचा स्टिअरिंगशी काही संबंध नाही. याचा अर्थ असा की, दहा-बारा वर्षांच्या खाजगी गाडीच्या सांध्यांकडे तिच्या मालकाने पाहिले नाही, तर दुसरे कोणीही पाहिलेले नसते.

पाहणीचे काम कठीण नाही. गाडी सपाट जागी उभी करून, पुढची चाके एका बाजूस पूर्ण वळवून, बॅटरीच्या उजेडात टोपण पाहावे. वरवर धड दिसणाऱ्या टोपणाच्या घड्या बोटाने ताणून पाहाव्यात, कारण चिरा घडीच्या तळाशी पडतात. चाकाच्या आतील बाजूस ग्रीसचे काळे शिंतोडे, टोपणाभोवती चिकटलेला धुळीचा लेप किंवा तांबूस ओघळ दिसल्यास टोपण फाटले असे समजावे. त्यानंतर एका माणसाने चालकाच्या जागी बसून चक्र थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने सांध्यावर बोट ठेवावे. चाके जमिनीवरच असावीत. खिळी व घर एकाच वेळी न हलता मागे-पुढे हलत असतील, तर बोटाला टकटक जाणवते. या परीक्षेस पाच मिनिटेही लागत नाहीत. सहलीसाठी गाडी ठरविणाऱ्या शिक्षकांनी आणि कार्यालयीन वाहनांची नोंदवही सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांनी ती करवून घेण्यास काहीच हरकत नाही. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीची पाहणी तर विशेष काळजीने करावी. सुरतेतील ऑगस्ट २००६ च्या पुरासारख्या प्रसंगी पाण्याबरोबर बारीक गाळही येतो, आणि चिरलेल्या टोपणातून आत गेलेला गाळ गाडी धुतल्याने निघत नाही.

टोपण फाटले आहे परंतु सांधा घट्ट आहे, अशा अवस्थेत दोष सापडला तर केवळ टोपण बदलून भागते. सांधा सैल झाला असेल किंवा आत गंज असेल, तर नवे टोपण चढविणे म्हणजे किडलेल्या दाण्यांवर कोठीचे झाकण बसविण्यासारखे आहे. तेथे सांधाच बदलला पाहिजे. पुष्कळ गाड्यांचे उत्पादक सुटे टोपण विकतही नाहीत, पूर्ण सांधाच देतात. बाजारात सुटी टोपणे मिळतात. ती घेताना खिळीची मान आणि घराचा काठ या दोहोंचे माप जुळले पाहिजे.

प्रत्यक्ष काम माहीतगार मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. ते कसे व्हावयास हवे हे मालकास ठाऊक असणे मात्र इष्ट. मागील चाकांस ठोकळे लावून, पुढचा भाग जॅकने उचलून, तो भक्कम स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे जिवावर बेतू शकते. काही महागड्या गाड्यांत स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात; त्यांची यंत्रणा सूचनापुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आधी बंद न केल्यास गाडी आपोआप खाली-वर होण्याचा धोका असतो. चाक काढल्यावर सांधा पुसून स्वच्छ करावा, नटातील स्प्लिट पिन काढावी आणि नट सैल करावा. पण तो काही आट्यांवर राहू द्यावा, म्हणजे खिळी एकदम सुटून दांडी अंगावर येत नाही. खिळी निमुळत्या छिद्रात घट्ट बसलेली असते. ती पुलरने सोडवावी. दुबेळके लोखंडी ओजार मध्ये ठोकून सांधा सोडविण्याची पद्धत झटपट असली तरी तिने टोपण फाटते, आणि खिळीच्या आट्यांवर हातोडा मारल्यास आटे बिघडतात.

खिळी मोकळी झाल्यावर ती हाताने फिरवून पाहावी. ती जड पण एकसारखी फिरली पाहिजे. अडकत असेल, खडखडत असेल किंवा सहज लोंबत असेल, तर टोपणाचा विचार सोडून नवा सांधा आणावा. सांधा चांगला असल्यास जुने टोपण व त्याची तारेची कडी काढून मळके ग्रीस कापडाने पुसून घ्यावे. रॉकेल किंवा पेट्रोल यांचा नव्या रबराला स्पर्श होऊ देऊ नये. बॉल जॉइंटसाठी असलेले ग्रीस भरावे, मात्र टोपण फुगेल इतके नाही. ठासून भरल्याने चांगली टोपणेही फुटतात. काठ खाचेत नीट बसवून कडी चढवावी. खिळीचा निमुळता भाग मात्र कोरडा व स्वच्छ असावा, त्यास ग्रीस लागू देऊ नये. नट सूचनापुस्तिकेतील मापानुसार टॉर्क पान्याने आवळावा. स्प्लिट पिनेचे छिद्र जुळत नसेल तर नट किंचित अधिक आवळावा, सैल करू नये. पिन नवीनच घालावी, आणि नायलॉनच्या कडीचा नट असल्यास तोही नवा घ्यावा.

केवळ टोपण बदलले असेल तर चाकांच्या रोखात फरक पडत नाही. टाय रॉड एंड बदलला असल्यास मात्र तो दांडीवरून काढताना किती आट्यांनी निघाला हे मोजून नवा तितक्याच आट्यांनी बसवावा आणि नंतर अलाइनमेंट करून घ्यावी. आटे मोजले म्हणून अलाइनमेंट टाळू नये. गाडी खाली उतरविल्यानंतर चक्र दोन्ही बाजूंस शेवटपर्यंत फिरवून टोपण पिळले जात नाही ना, हे पाहावे. एका बाजूचे टोपण वयोमानाने गेले असेल तर दुसऱ्या बाजूचेही त्याच वयाचे असते. गाडी वर असतानाच तेही पाहून घ्यावे. डिंडोलीहून गावाकडे निघण्याच्या आदल्या दिवशी ऐन घाईत हे काम काढण्यापेक्षा आठ दिवस आधी करावे, म्हणजे शहरातल्या शहरात थोडे फिरणे होऊन मिस्त्रीकडे पुन्हा एकदा नट, पिन आणि कडी दाखविता येते.